सात नंबरचं खुरपं

गोल्फच्या सात लोखंडी काठ्या मी एकदा लोहाराला खुरपी करायला दिल्या. स्वतःच्या हातानं दिल्या, वर त्याला चहा पाजला. कुणी फसवलं नाही, कुणी बळजबरी केली नाही. नव्या काठ्या घरात आल्या होत्या, त्यांच्या चकाकीनं माझं डोकं फिरलं होतं, आणि नव्या काठीनं एकही चेंडू मारून बघायच्या आधी मी जुन्यांची विल्हेवाट लावून मोकळी झाले. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. ती चोवीस वर्षांची बाई आज कुठं गाठता आली, तर तिचा कान धरून विचारीन, की बये, दोन दिवस दम निघत नव्हता का तुला?

साताऱ्याजवळच्या खेड्यातली शेतकऱ्याची सून आणि गोल्फ, हे ऐकून माझ्या नातवंडांना वाटतं आजी थापा मारते. थापा मी मारते, पण ही त्यातली नाही. ह्या सगळ्याला कारण माझे सासरे. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. शिपाई म्हणून ते फौजेत भरती झाले आणि सुभेदार होऊन परत आले. मधल्या काळात कुठल्याशा छावणीत एका साहेबाला सकाळी खेळायला जोडीदार मिळत नव्हता, त्यानं मामंजींना धरून नेलं आणि हे व्यसन लावलं. इतर लोक पेन्शनीत येताना घोंगड्या, थर्मास असलं काही आणत. मामंजींनी कॅनव्हासची एक लांबडी पिशवी आणली. त्या साहेबानं निघताना दिलेल्या काठ्या तिच्यात होत्या. दोन लाकडी डोक्याच्या, लांब मारायच्या. एक चेंडू हळूच भोकात ढकलायची. आणि बाकीच्या लोखंडी पात्याच्या, तीनपासून नऊपर्यंत नंबर घातलेल्या. नंबर जेवढा मोठा तेवढं पातं उताणं, आणि चेंडू तेवढा उंच उडून जवळ पडणार. एवढं कळलं की बास. मलाही त्याच्यापुढचं फारसं कधी कळलं नाही.

गावाच्या वरच्या अंगाला आमचा माळ होता. कुसळाशिवाय तिथं काही येत नसे. मामंजींनी त्या माळावर चार गली खणल्या, गोट्या खेळायला पोरं खणतात तशाच, फक्त आत पत्र्याचा डबा बसवलेला. भोवतीनं वाळू पसरून तिच्यावर इंजिनाचं जळकं ऑइल ओतलं आणि धुमसानं दाबून घेतलं, म्हणजे चेंडू तिच्यावरनं सरळ घरंगळावा. प्रत्येक गलीत एक वेळूची काठी, तिला लाल फडकं. हे निशाण. लांबून निशाण बघायचं, तिकडं मारायचं, चालत जायचं, परत मारायचं. गावातले लोक म्हणत, सुभेदार रोज सकाळी बॉल हरवायला जातात आणि हुडकून घेऊन येतात.

मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षी मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून कच्चा आहे, पिकल्यावर काढू. तोवर माळावर जाणं काही ते सोडेनात. दोनदा चरात पाय गेला, एकदा घायपातावर पडले. मग माझ्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, ठरवलं की ह्यांना एकटं सोडायचं नाही. आमचे हे फौजेत कॅप्टन, म्हणजे वर्षाचे दहा महिने घराबाहेर. माझ्या पदरात तेव्हा पोर नव्हतं. आत्याबाईंच्या हिशोबात मी रिकामी होते. म्हणाल्या, हिला न्या, नाहीतरी दिवसभर हिच्या तोंडाचा पट्टा चालूच असतो, माळावर तरी कुणाचे कान किटणार नाहीत.

माझं काम चेंडूवर नजर ठेवायचं आणि कुठं पडला ते सांगायचं. पण मी सांगलीची. नुसतं विचारलं तेवढं सांगून गप्प बसणं आमच्यात कुणाला जमलेलं नाही. मी सगळंच सांगायची. बाभळीच्या डावीकडं गेला मामंजी, बांधाच्या अलीकडं, खाली जरा खडी आहे, आता निशाण तुमच्या डाव्या खांद्यासमोर, वारं आडवं आहे, जरा दमानं मारा. मधेच साताऱ्याकडनं ढग येतायत, मधेच शेजारणीच्या कोंबडीचं भांडण, परत बांध, परत बाभळ. मामंजी हूं की चूं करत नसत. मला वाटायचं, म्हातारा सोसतोय बिचारा.

एक दिवस त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, मार. पदर कमरेला खोचला आणि मारलं. चेंडू जागेवर आणि मी गोल फिरून कुसळात. इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. आसपास बघायला फक्त दोन शेळ्या होत्या. सासरी आल्यापासून मी इतक्या मोठ्यानं पहिल्यांदाच हसत होते.

माझी उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. काठ्या मला लांब पडत. मामंजींनी सात काठ्या वरच्या टोकाकडनं कापल्या. एकदम नाही. बोट-बोट कापायचे, मला मारायला लावायचे, शेजारी उभं राहून आवाज ऐकायचे, परत कापायचे. सायकलची जुनी ट्यूब फाडून मुठीला गुंडाळली, वरनं मेणाचा दोरा. हे काम दीड महिना चाललं. त्यातली सात नंबरची माझी लाडकी. पहिल्या गलीला बांधावरनं सात नंबर मारली की चेंडू निशाणापाशी पडणार म्हणजे पडणार. दोन वर्षांत माझ्या हातांना सगळी मापं पाठ झाली. अमक्या दगडापासून आठ, तमक्या खड्ड्यापासून सहा. डोक्याला काही विचारावं लागत नसे, आणि ते बरंच होतं म्हणा.

आता सांगलीचं सांगते. मामंजींचे फौजेतले एक दोस्त, डॉक्टर, निवृत्त होऊन सांगलीला राहिले होते. गावाबाहेर त्यांची जमीन, थोडा ऊस, थोडी मोकळी. मोकळ्या जागेत त्यांनी सहा गली केल्या होत्या. संक्रांत झाली की दरवर्षी सातारा विरुद्ध सांगली असा सामना व्हायचा. सातारा म्हणजे मामंजी आणि त्यांचा जोडीदार. सांगली म्हणजे डॉक्टर आणि त्यांचे धाकटे भाऊ. दोघांत एक चेंडू, आळीपाळीनं मारायचा. ज्यांचा चेंडू कमी फटक्यांत गलीत, ती गल त्यांची. मामंजी लागोपाठ तीन वर्षं हरले. तिसऱ्या वर्षी त्यांचा जोडीदार, एक जुना हवालदार, मुलाकडं पुण्याला जायला निघाला होता. डॉक्टरांनी जेवताना चेष्टा केली, सुभेदार, पुढच्या साली काठ्या नका आणू, जपमाळ आणा. मामंजी म्हणाले, पुढच्या साली सुनेला घेऊन येतो, आणि हरलो तर काठ्या खुंटीला.

घरी येऊन हे त्यांनी जेवताना आम्हाला सांगितलं तेव्हा आत्याबाईंनी भाकरी थापायची थांबवली. कारण मामंजींचा शब्द कसा असतो ते त्यांना माहीत होतं. वीस वर्षांची विडी त्यांनी एका सकाळी अशीच सोडली होती. सोडतो म्हणाले आणि सोडली. मला तर धडकीच भरली. काठ्या खुंटीला म्हणजे माझी सकाळ खुंटीला. चूल, धुणं, दळण, आणि चोवीस तास डोक्यावरनं पदर. आणि मामंजी? दिसत नाही, शेतात काम होत नाही. माळ गेला तर सोप्यात बसून भिंतीकडं बघणं एवढंच उरत होतं.

तेव्हा पुढचा सामना जिंकणं भाग होतं. आणि जिंकलो असतो, असं मला आजही वाटतं. पण दसऱ्याच्या आधी आमच्या ह्यांची बदली बर्फाच्या मुलखात झाली. त्यांनी आदल्या महिन्यातच हौसेनं नवा संच घेतला होता. बर्फात कुठलं गोल्फ. ट्रंकेबरोबर काठ्या घरी पाठवल्या, आणि चिठ्ठी, की पडून राहण्यापेक्षा तू वापर, पण जपून.

पिशवी उघडली आणि माझा जीव हरखला. आरशासारखी पाती. त्यात तोंड दिसायचं, आणि मी बघितलंही. काळ्या रबराच्या मुठी, अजून कारखान्याचा वास येणाऱ्या. त्याच्याशेजारी आमच्या जुन्या काठ्या, गंजाचे ठिपके, ट्यूबच्या चिंध्या. मला त्यांची लाज वाटली. खरंच सांगते, लाज वाटली. आता हे नवं घेऊन सांगलीला जायचं, माहेरच्या गावात, आणि तिथल्या लोकांनी बघत राहायचं, ह्याची मी मनातल्या मनात चित्रं काढायला लागले.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. मामंजींची जुनी तलवार, विळे, कोयते, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं घासून पाटावर मांडलं होतं. मी नव्या काठ्या मधोमध ठेवल्या, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. आदल्या दिवशी लोहार आला होता. शाळवाची भांगलण, म्हणजे तण काढणं, तोंडावर आलेली, खुरपी झिजून बोटाएवढी झालेली. आत्याबाईंनी सांगितलं, घरात जुनं लोखंड असेल ते ह्याला काढून दे. फुटकी घमेली, मोडके कोळपे काढता काढता मी उत्साहात त्या सात काठ्याही आणून त्याच्या पुढ्यात टाकल्या. लोहारानं पातं नखानं वाजवून बघितलं, दोनदा विचारलं, वैनीसाब, नक्की द्यायच्यात न्हवं? मी ऐटीत म्हटलं, आमच्याकडं नव्या आल्यात.

चार दिवसांनी सात खुरपी घरी आली, आणि लोहार नव्या खुरप्यांचं कौतुक करतच आला. असं लोखंड त्याच्या बापाच्या हाताखालनंही गेलं नव्हतं म्हणे. नळ्या मात्र त्यानं कापून टाकल्या होत्या. पुढं त्यातली एक आमच्या चुलीवर फुंकणी म्हणून पुष्कळ वर्षं होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्याची गडबड सरल्यावर, आम्ही माळावर नव्या काठ्या घेऊन गेलो. मी बांधावर उभी राहिले, नवी सात नंबर घेतली, मारली. चेंडूच्या हातभर अलीकडं जमिनीत पातं रुतलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत झिणझिणले. परत मारली. मुठीचं टोक पोटात लागलं. खाली धरून बघितली, तर टोक मनगटावर आपटायला लागलं. तिसऱ्यांदा काठी माझ्या निऱ्यांत अडकली. ह्या काठ्या पावणेसहा फुटी गड्याच्या मापाच्या होत्या, आणि मी ती चकाकी बघताना लांबी बघितलीच नव्हती. अकराव्या का बाराव्या वेळी एकदाचा चेंडू बरोबर लागला. इतका बरोबर, की गलीवरनं, बांधावरनं, शेजाऱ्याच्या भुईमुगात गेला. जुन्या पाच नंबरनं जेवढा जायचा तेवढा हा नव्या सातनं गेला. म्हणजे बसला नाही तरी पंचाईत, बसला तरी पंचाईत. माझ्या हातांना पाठ असलेलं एकही माप आता उपयोगाचं नव्हतं.

मामंजी मागं उभं राहून ऐकत होते. आवाजावरनं त्यांना कळायचं. म्हणाले, "जमिनीला मारतीयास. ह्या तुला लांब हायत. सांगलीला जुन्याच घेऊन जाऊ."

मी हो म्हटलं. कुठं ठेवल्यात असं त्यांनी विचारलं, तर माळ्यावर, पोत्यात बांधून, असं सांगितलं. खोटं बोलताना मी तपशील फार देते, ही माझी जुनी खोड. पोतं कुठलं, कशानं बांधलं, तेही सांगितलं.

नव्या काठ्या कापाव्यात असं सुचवून बघितलं. मामंजी तयार होईनात. पोरानं हौसेनं घेतल्यात, रजेवर येईल तेव्हा खेळेल, त्याच्या काठीला करवत लावायची नाही. बरोबरच होतं त्यांचं. मग मी एकटीच लोहाराच्या भात्याकडं गेले. पदराखालनं एक खुरपं काढलं आणि विचारलं, ह्याची परत काठी होईल का? त्यानं खुरपं हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"आवं वैनीसाब, निम्मं लोखंड ऐरणीवर झडलं की. ह्याची आता काठी करा म्हंजी भाकरीचं परत पीठ करा म्हटल्यावानी झालं."

त्या खुरप्यावर, मुठीच्या बुडापाशी, सातचा आकडा अजून अर्धा दिसत होता. मी ते पदराखाली घालून घरी आले.

आत्याबाईंना सगळं ठाऊक होतं. त्यांनी चहाडी केली नाही, पण सोडलंही नाही. भांगलणीच्या बायका खुरप्यांची तारीफ करायच्या, किती हलकी, किती धार धरतात, आणि आत्याबाई माझ्याकडं बघून म्हणायच्या की त्या खेळाचा घराला पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला. एकटीला गाठून मात्र त्यांनी बजावलं, ज्या तोंडानं दिल्यास त्याच तोंडानं त्यांना सांग. मी उद्या सांगते म्हटलं. ते उद्या तीन महिने पुरलं.

ह्यांना पत्र लिहिलं. खुरप्यांचा उल्लेख टाळून, नव्या काठ्या हातात बसत नाहीत, काय करू, एवढंच. सव्वा महिन्यानं उत्तर आलं. मनगट सैल सोड, डोकं हलवू नकोस, आणि मुख्य म्हणजे कसलीही घाई करू नकोस. मी ते पत्र चुलीत घातलं.

मी काय काय केलं म्हणून सांगू. दगडावर उभी राहून मारून बघितलं. दुपारी सगळे झोपले की परड्यात जाऊन नुसत्या काठ्या फिरवल्या. तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यावर हळद भरली आणि त्याच हातानं कणीक मळली. दहा फटक्यांत दोन बरे जायचे, आणि कुठले दोन ते आधी कळायचं नाही. घरातली सगळी कामं ज्या हातांनी करत होते तेच हात हे, आणि माळावर गेलं की कुणा परक्या बाईचे असल्यासारखे वागत. मामंजी रोज एकदा आठवण करून द्यायचे, जुन्या काढून ठेव गं, मुठी तपासायला पाहिजेत. मी म्हणायची, काढते.

निघायच्या सकाळी सांगितलं, की मामंजी, मी नव्याच घेतल्यात, आता हात बसलाय. त्यांनी मान हलवली. पिशवी उचलली आणि आम्ही साताऱ्याच्या स्टँडवर आलो. कंडक्टरनं पिशवी बघून विचारलं, बंदुका हायत काय. मामंजी म्हणाले, व्हय, पर ह्या बाईच्या हातातल्या कुठं बी उडत्यात. सगळी गाडी हसली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. कराड गेलं, सांगलीपर्यंत उसाचे तुरेच तुरे. माहेरी जाताना मी एरवी कराडपासनं बडबडायला सुरुवात करते. त्या दिवशी सांगलीचा स्टँड येईपर्यंत तिकिटाची सुरळी करत बसले.

डॉक्टर हसऱ्या तोंडाचे, गोरे, डोक्याला हॅट. मला बघून म्हणाले, ही तर आमच्या गावची लेक, सुभेदार, आमचीच माणसं फोडून आमच्यावर सोडता काय? त्यांच्या भावाचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. कॉलेजात शिकवायचे, जमिनीकडं बघत चालायचे आणि काही न बोलता सरळ मारायचे.

पहिल्या गलीला मामंजींनी लाकडी काठी घेतली आणि विचारलं, कुठं हाय? मी म्हटलं, समोर. माझं सगळं लक्ष पुढच्या फटक्यावर. आता माझी पाळी येणार, कुठली काठी घ्यावी, सात घेतली तर लांब जाईल, आठ घेतली तर जमिनीत जाईल. मामंजींनी मारलं. चेंडू उजवीकडं वळला आणि उसात शिरला. डॉक्टर म्हणाले, सुभेदार, तोडीला अजून अवकाश आहे. मी उसाच्या कडेनं शिरून चेंडू बाहेर काढायचा प्रयत्न केला. तीन फटके उसातच गेले. पाचोळ्यानं माझे हात चरचरले. ती गल गेली.

दुसरीला मामंजींनी विचारलं तर मी नुसता हात केला. त्यांचा चेंडू आखूड पडला. मी सात नंबरनं गलीच्या पार पलीकडं, विहिरीच्या मोटवणीपर्यंत घालवला. ती गल पण गेली. आपल्या काठीमुळं मामंजींचा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून त्यांचेही फटके बिघडतायत, असं मला वाटायला लागलं, आणि मी आणखीच आक्रसले. तिसरी गल आम्हाला मिळाली, पण ती डॉक्टरांचा चेंडू बैलाच्या खुराच्या खड्ड्यात बसला म्हणून. चौथीत बरोबरी. म्हणजे पाचवी आणि सहावी, दोन्ही आम्हाला हव्या होत्या.

पाचव्या गलीच्या वाटेत ओढा होता, फार मोठा नाही, म्हैस डुंबेल एवढा. मामंजींनी मारलेला चेंडू कधी नव्हे तो सरळ जाऊन ओढ्याच्या अलीकडं थांबला. आता मी. पलीकडं चाळीस पावलांवर निशाण. जुनी नऊ नंबर असती तर डोळे मिटून मारला असता. मी नवी नऊ काढली. जमिनीत जाईल म्हणून परत ठेवली, आठ काढली. लांब जाईल म्हणून ती ठेवली, परत नऊ. डॉक्टर म्हणाले, पोरी, सगळ्या एकदमच मार. मामंजी शेजारी उभे होते. मान थोडी माझ्याकडं कलती केलेली, कशाची तरी वाट बघत असल्यासारखे. मला वाटलं फटक्याची. मी काठी उचलली, आणि वरपर्यंत नेल्यावर मला स्वच्छ कळलं की हा जाणार नाही. मधेच थांबवता आलं असतं. नाही थांबवलं. चेंडूच्या मागं पातं रुतलं, चेंडू चार हात घरंगळला आणि पाण्यात शिरला, बुडबुडासुद्धा न काढता.

ती गल गेली आणि सामना तिथंच संपला. सहावी खेळायची गरजच उरली नाही. डॉक्टरांनी मामंजींचा हात हातात घेतला. मग चेष्टा सोडून म्हणाले, त्या खुंटीचं काही मनावर घेऊ नका सुभेदार, जेवताना बोलायच्या गोष्टी त्या. मामंजी म्हणाले, बोललोय न्हवं, आता झालं. आणि पिशवीचं तोंड दोरीनं आवळून, गाठ मारून टाकली. एरवी ते कधी गाठ मारत नसत.

डॉक्टरांच्या घरी जेवण होतं. भरली वांगी, कोल्हापुरी पद्धतीचा रस्सा, शेंगदाण्याची चटणी, माझ्या माहेरची चव. डॉक्टरीणबाई परत परत वाढत होत्या आणि मी नको म्हणत होते. मामंजी पोटभर जेवले. निघताना त्यांनी डॉक्टरांना रामराम केला, उंबऱ्याला पाय लागला, मी कोपर धरलं.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. पिशवी त्यांच्या गुडघ्यांच्या मध्ये. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक स्टॉपला पुढच्या स्टॉपवर ढकलत होते. कराडला गाडी वीस मिनिटं थांबली. आम्ही उतरून चहा घेतला. मामंजींनी चहा बशीत ओतला, आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. लोहार, दसरा, सात खुरपी, माळ्यावर नसलेलं पोतं, त्या पोत्याला न बांधलेली सुतळी. तुमची दीड महिन्याची मेहनत मी शाळवाच्या तणात घातली, आणि माझ्यामुळं तुमचा खेळ सुटला, असंही म्हटलं. मग रडले. कराडच्या स्टँडवर, चांगल्या घरातली सून, चहाच्या गाड्याजवळ उभी राहून, नाक पदराला पुसत.

मामंजींनी फुंकर घालून बशी संपवली, कपात उरलेला चहा परत बशीत ओतला, तोही संपवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले:

"काठ्यांनी कोण हरतं गं? मला दिवाळीपास्नं निशाण दिसत न्हाई, बाभळ दिसत न्हाई, पायातला बॉल तेवढा दिसतो. तू डावं म्हणतीस तर डावीकडं मारतो, दमानं म्हणतीस तर दमानं. आज सकाळपास्नं तू तोंडाला कुलूप लावलंस, मग मी मारू कुठं? डॉक्टरला शब्द दिलाय, आज रातीला काठ्या खुंटीला लावू. किती दिस ते काय बोललो न्हवतो. उद्या उजाडलं की काढायच्या, माळावर जायाचं, आणि आता मातूर गप बसायचं न्हाई."